शेवटची दुर्बीण कधी?

१९ नोव्हेंबर २०२१ च्या सकाळी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जो बायडन वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात भूल घेऊन झोपले होते. तेवढ्या ८५ मिनिटांपुरते राष्ट्राध्यक्षपदाचे अधिकार उपाध्यक्ष कमला हॅरिस यांच्याकडे होते. अमेरिकेच्या इतिहासात हे अधिकार पहिल्यांदाच एका स्त्रीच्या हाती आले, ते एका कोलोनोस्कोपीमुळे, म्हणजे मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीने केलेल्या तपासणीमुळे. बातम्या झाल्या त्या अधिकारांच्या. तपासणीत काय सापडलं, याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. सापडला होता एक पॉलिप, ३ मिलिमीटरचा, म्हणजे ज्वारीच्या दाण्याहूनही लहान. तो तिथल्या तिथे काढून टाकला. दुसऱ्या दिवशी बायडन यांना ७९ वर्षं पूर्ण झाली.

त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्यसेवा कृतिदलाने मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या तपासणीबद्दल नवी शिफारस जाहीर केली होती. ४५ ते ७५ या वयात तपासणी सर्वांनी करावी. ७६ ते ८५ या वयात माणूस पाहून ठरवावं. ८५ नंतर करू नये. बायडन या मधल्या पट्ट्यात होते. एक-दोन लहान पॉलिप सापडलेल्या माणसाने पुढची तपासणी सात ते दहा वर्षांनी करावी, असं तिथल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनांचं २०२० पासूनचं सांगणं आहे. हिशेब केला तर बायडन यांचं वय तेव्हा ८६ ते ८९ असेल. एक नियम सांगतो पुन्हा या, दुसरा सांगतो आता नको. राष्ट्राध्यक्षाच्या बाबतीत जी अडचण उभी राहते, तीच ऐंशीच्या घरातल्या कुठल्याही आजी-आजोबांच्या बाबतीत राहते.

घरात हा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. “आता या वयात कशाला?” आणि “एकदा करून टाकू, मनात शंका नको.” दोन्ही वाक्यं मायेपोटीच येतात. पण दोन्हींपैकी कुठलंही वाक्य त्या विशिष्ट माणसाकडे बघून म्हटलेलं नसतं, आणि सगळी गफलत तिथेच होते.

मोठं आतडं साधारण दीड मीटर लांब असतं. त्याच्या आतल्या अस्तरावर पेशींची वाढ होऊन कधीकधी लहानसा उंचवटा येतो, तो पॉलिप. पॉलिपचे प्रकार बरेच आहेत. त्यांतला ॲडिनोमा काळजीचा. पन्नाशी ओलांडलेल्या अमेरिकन माणसांत चौघांमागे निदान एकाकडे तो सापडतो. त्यातले बहुतेक ॲडिनोमा जन्मभर काही करत नाहीत. थोडे मात्र वाढत राहतात, एकामागून एक जनुकीय बिघाड साठवतात आणि शेवटी कर्करोगात बदलतात. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात बर्ट व्होगेलस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस या बिघाडांचा क्रम उलगडला. लहान ॲडिनोमापासून कर्करोगापर्यंतचा हा प्रवास सहसा दहा वर्षांचा किंवा त्याहून लांबचा असतो. या संथपणामुळेच रोग आधी पकडता येतो. आणि या संथपणामुळेच एका टप्प्यानंतर तो पकडून माणसाच्या पदरात काही पडत नाही.

पकडण्याचं साधन तसं अलीकडचं. काचेच्या तंतूंच्या जुडीतून वळणावळणाने प्रतिमा नेता येते, हे मोगा इथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी आणि त्यांचे मार्गदर्शक हॅरल्ड हॉपकिन्स यांनी १९५४ मध्ये लंडनहून दाखवून दिलं. बॅझिल हिर्शोविट्झ यांनी त्यावरून जठर पाहणारी लवचीक दुर्बीण बनवली, आणि १९५७ मध्ये ती आधी स्वतःच्याच घशातून उतरवली. न्यूयॉर्कच्या बेथ इस्राएल रुग्णालयात विल्यम वुल्फ आणि हिरोमी शिन्या यांनी १९६९ मध्ये लांब दुर्बीण मोठ्या आतड्याच्या पार टोकापर्यंत नेली. शिन्यांनी तिच्यातून तारेचा एक फास आत सोडला, पॉलिपच्या देठाभोवती आवळला, विजेचा प्रवाह दिला आणि पॉलिप कापून काढला. त्याआधी अशा पॉलिपसाठी पोट उघडावं लागायचं. सिडनी विनावर यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या अमेरिकेच्या राष्ट्रीय पॉलिप अभ्यासातल्या रुग्णांचा पुढे वर्षानुवर्षं मागोवा घेतला गेला. ज्यांचे ॲडिनोमा काढले होते त्यांच्यात या कर्करोगाचे मृत्यू अपेक्षेपेक्षा ५३ टक्क्यांनी कमी भरले, असं २०१२ मध्ये जाहीर झालं.

लोक मात्र आकडे वाचून रुग्णालयात गेले नाहीत. ‘टुडे’ या लोकप्रिय कार्यक्रमाच्या निवेदिका केटी कुरिक यांचे पती जे मोनाहन १९९८ च्या जानेवारीत याच कर्करोगाने गेले, वयाच्या ४२व्या वर्षी. मार्च २००० मध्ये कुरिक यांनी स्वतःची कोलोनोस्कोपी कॅमेऱ्यासमोर करून घेतली आणि ती देशभर दाखवली. त्यानंतरच्या महिन्यांत एकेका डॉक्टरच्या हातून होणाऱ्या कोलोनोस्कोपींची संख्या महिन्याला सरासरी १५ वरून १८ वर गेल्याचं एका अभ्यासात दिसलं. पुढच्याच वर्षी, जुलै २००१ पासून, ज्येष्ठांसाठीच्या मेडिकेअर या सरकारी विम्यात सामान्य धोका असलेल्यांची कोलोनोस्कोपीही दर दहा वर्षांनी समाविष्ट झाली. विनोदी लेखक डेव्ह बॅरी यांनी पन्नाशीपासून दहा वर्षं ही तपासणी टाळली होती. भावाला कर्करोग निघाला तेव्हा ते गेले, आणि २००८ मध्ये त्यावर त्यांनी लिहिलेला लेख अजूनही लोक तपासणीच्या आदल्या दिवशी एकमेकांना पाठवतात.

या साऱ्या मोहिमा सुरुवात करण्याच्या होत्या. कुरिक तेव्हा ४३ वर्षांच्या होत्या. तरुण जीव वाचवण्याची ती हाक होती, आणि तिने माणसं वाचवली यात शंका नाही. अलीकडे चाळिशीतल्या लोकांतही हा रोग वाढलेला दिसल्यामुळे सुरुवातीचं वय ५० वरून ४५ वर आणलं गेलं. पण थांबण्याबद्दल कुणी कार्यक्रम केला नाही. मेडिकेअरच्या नियमातही वरच्या वयाची मर्यादा नाही. परिणामी साठीत आणि सत्तरीत नेमाने तपासणी करणारा माणूस ऐंशीला आला की त्याच सवयीने पुन्हा तारीख घेतो, आणि दवाखानाही देतो.

ऐंशीव्या वर्षी ही तपासणी कशी असते, हे जवळून पाहिल्याशिवाय पुढचा हिशेब कळत नाही.

खरा त्रास आदल्या दिवशीचा. दोन-तीन दिवस आधीपासून पालेभाज्या, बिया असलेली फळं, कोंडा बंद. आदल्या दिवशी नुसतं पातळ: बिनदुधाचा चहा, नारळपाणी, गाळून घेतलेलं सूप. संध्याकाळी पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर पाण्यात कालवायची. आपल्याकडे ती पेगलेक या नावाने बहुतेकांना ठाऊक असते. एक पाकीट, दोन लिटर पाणी, आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी एक ग्लास. वरवर लिंबाची चव, खाली खारटपणा, आणि चौथ्या-पाचव्या ग्लासाला घशाशी येणारी मळमळ. हल्ली निम्मं द्रावण संध्याकाळी आणि निम्मं पहाटे देतात, कारण त्याने आतडं अधिक स्वच्छ होतं. शेवटी संडासात नुसतं पिवळसर पाणी पडलं पाहिजे, भांड्याचा तळ दिसला पाहिजे. तोवर सुटका नाही.

पंचावन्न वर्षांच्या माणसाची त्यात एक रात्र वाया जाते. ऐंशीतल्या माणसाच्या बाबतीत त्याच रात्री बऱ्याच गोष्टी घडू शकतात. रात्री आठ-दहा वेळा उठून संडासात जायचं, तेही उपाशी पोटी, रक्तदाब उतरलेला असताना आणि पायाखाली ओली फरशी. पडून खुबा मोडला तर त्याची नोंद कोलोनोस्कोपीच्या दुष्परिणामांत होईलच असं नाही, पण घरच्यांच्या आयुष्यात ती होते. मधुमेहाच्या गोळ्या आणि इन्सुलिन त्या दिवशी कमी-जास्त करावं लागतं. रक्त पातळ करणारं औषध काही दिवस बंद ठेवायचं की नाही, हे हृदयाच्या डॉक्टरांना विचारावं लागतं. मूत्रपिंड अशक्त असेल तर काही फॉस्फेटयुक्त द्रावणं धोक्याची ठरतात. २००८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याबद्दल ठळक इशारा दिला होता. घरात एकटी राहणारी म्हातारी बाई असेल तर हे सगळं तिचं तिनेच करायचं असतं, आणि दुसऱ्या दिवशी भूल उतरल्यावर घरी न्यायला कुणी तरी शोधायचं असतं.

तपासणी त्या मानाने सोपी. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपवतात. शिरेतून गुंगीचं औषध जातं. बोटाएवढ्या जाडीची लवचीक नळी वळणं घेत पुढे सरकते. अपेंडिक्सचं तोंड दिसलं की मोठ्या आतड्याची सुरुवात गाठली, याचा फोटो काढून ठेवतात. नीट पाहणं होतं ते नळी मागे घेताना. इलिनॉयमधल्या रॉकफर्डच्या एका अभ्यासात (२००६) नळी मागे घ्यायला सहा मिनिटं किंवा जास्त वेळ देणाऱ्या डॉक्टरांना घाई करणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त रुग्णांत गाठी सापडल्या होत्या. तेव्हा ज्यांनी तपासणी करायचं ठरवलं आहे त्यांनी डॉक्टरांना वेळेबद्दल विचारायला संकोचू नये.

या तपासणीच्या धोक्यांचे आकडे लहान आहेत, आणि ते लहान आहेत हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. दर १०,००० तपासण्यांमागे साधारण तिघांच्या आतड्याला छिद्र पडतं आणि पंधराएक जणांना मोठा रक्तस्राव होतो. ही सर्व वयांची सरासरी. वय वाढेल तसे हे आकडे चढतात, शिवाय भुलीमुळे हृदयाचे आणि श्वासाचे त्रास वाढतात ते वेगळेच.

मग फायदा? नॉर्वेतल्या ऑस्लोचे मिखाएल ब्रेथाउअर यांच्या नेतृत्वाखाली नॉर्वे, स्वीडन आणि पोलंडमधल्या ५५ ते ६४ वयाच्या सुमारे ८५,००० लोकांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. चिठ्ठ्या टाकून काहींना कोलोनोस्कोपीचं निमंत्रण दिलं, बाकीच्यांना दिलं नाही. दहा वर्षांनंतर निमंत्रितांत ०.९८ टक्के लोकांना हा कर्करोग झालेला होता, इतरांत १.२० टक्के. निमंत्रण मिळालेल्यांपैकी तपासणीला आले फक्त ४२ टक्के, त्यामुळे तपासणीचा खरा गुण यापेक्षा जास्त असणार, हे तज्ज्ञांनी लगेच दाखवून दिलं आणि ते बरोबर आहे. तरीही फायद्याचं साधारण मोजमाप कळतं. तो खरा आहे, पण तो शंभरातल्या मोजक्यांना मिळतो आणि मिळायला वर्षं लागतात.

किती वर्षं, याचं उत्तर कॅलिफोर्नियातले वृद्धरोगतज्ज्ञ सेइ ली आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये काढलं. जुन्या मोठ्या चाचण्या एकत्र करून त्यांनी दाखवलं की हजार लोकांची तपासणी केली तर त्यातला एक मृत्यू टळायला सरासरी १०.३ वर्षं जावी लागतात. या एका आकड्यात थांबण्याचा सगळा प्रश्न मावतो. छिद्र, रक्तस्राव, पडणं, शुद्ध हरपणं हे धोके त्याच दिवशी किंवा त्याच महिन्यात समोर येतात. फायदा दहा वर्षांनी येतो. दहा वर्षं हातात असतील तर हा व्यवहार चांगला. नसतील तर माणूस फक्त धोका पत्करतो.

मेडिकेअरच्या नोंदींवरून हार्वर्डच्या संशोधकांनी २०१७ मध्ये हेच वयोगटानुसार मांडलं. ७० ते ७४ या वयात कोलोनोस्कोपी केलेल्यांत पुढच्या आठ वर्षांत कर्करोग होण्याचं प्रमाण २.१९ टक्के होतं, न केलेल्यांत २.६२ टक्के. ७५ ते ७९ या वयात मात्र २.८४ आणि २.९७ टक्के; म्हणजे फरक जवळपास पुसला गेला. उलट तपासणीनंतरच्या महिन्याभरातले दुष्परिणाम पहिल्या गटात हजारामागे ५ ते ६ ने जास्त होते, तर दुसऱ्या गटात १० ने.

म्हणजे पंचाहत्तरीला पूर्णविराम? तसं म्हटलं तर पुन्हा माणसाकडे न बघता बोलल्यासारखं होईल. लुईस वॉल्टर आणि केनेथ कोविन्स्की यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेला तक्ता इथे फार उपयोगी आहे. ७५ वर्षांच्या अमेरिकन स्त्रियांपैकी सर्वांत धडधाकट चतुर्थांश पुढे १७ किंवा त्याहून जास्त वर्षं जगतात. मधल्या बाईला सुमारे १२ वर्षं असतात. आजारांनी खंगलेल्या खालच्या चतुर्थांशाला सातपेक्षाही कमी. वय तिघींचं एकच. रोज टेकडी चढणाऱ्या आणि डायलिसिसवर असलेल्या, दोन्ही ७५ वर्षांच्या बायकांना एकच उत्तर देणारा नियम दोघींपैकी एकीवर अन्याय करतो.

आणि असा अन्याय होत होता. अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत दर्जा मोजायचा एक निकष होता: ७५ वर्षांपर्यंतच्या किती जणांची तपासणी झाली. मिशिगनचे समीर सैनी यांनी २०१४ मध्ये या रुग्णालयांच्या नोंदी तपासल्या. प्रकृती अगदी खालावलेल्या ७५ वर्षांच्या माणसाची तपासणी होण्याची शक्यता ठणठणीत असलेल्या ७६ वर्षांच्या माणसापेक्षा जास्त निघाली. ज्याला फायदा होणार नाही त्याला नळी, ज्याला होऊ शकतो त्याला नकार. डॉक्टर वाईट नव्हते. त्यांना मोजणारी पट्टी वाईट होती. अशा पट्टीबद्दल आवाज उठवायला हवा, कारण तिचा त्रास ज्याला होतो त्याला ती दिसतच नाही.

आधी काय झालं आहे हेही बघावं लागतं. साठीत आणि सत्तरीत दोन्ही वेळा आतडं स्वच्छ निघालं असेल, तर ऐंशीत तिसऱ्या तपासणीतून मिळण्यासारखं फार कमी उरतं. याउलट ज्याने आयुष्यात एकदाही तपासणी केलेली नाही आणि प्रकृती उत्तम आहे, त्याचं गणित वेगळं. रॉटरडॅमच्या संशोधकांनी २०१४ मध्ये मांडलेल्या प्रतिमानानुसार अशा निरोगी माणसाला पहिली कोलोनोस्कोपी ८३ वर्षांपर्यंतही सार्थ ठरू शकते. मोठे आजार असतील तर ती मर्यादा ७७ वर येते. पूर्वी पॉलिप निघालेल्यांच्या मनात धास्ती जास्त असते. पण १०,००० हून जास्त लोकांचा दीर्घकाळ मागोवा घेणाऱ्या अमेरिकी अभ्यासात (२०१८) लहान, साधे ॲडिनोमा निघालेल्यांचा पुढचा धोका काहीच न निघालेल्यांच्या जवळपास बरोबरीचा होता. मोठे किंवा गंभीर ॲडिनोमा निघालेल्यांत तो २.७ पट होता. “मला पॉलिप निघाला होता” एवढंच सांगणं म्हणूनच पुरत नाही. किती, केवढे आणि कोणत्या प्रकारचे, हे लिहिलेला जुना कागद घेऊन जायला हवा.

काही माणसं स्वतःहून रेघ ओढतात. वैद्यकीय नीतितज्ज्ञ इझिकिएल इमॅन्युएल यांनी २०१४ च्या एका गाजलेल्या लेखात जाहीर केलं की आपण ६५व्या वर्षी शेवटची कोलोनोस्कोपी करू आणि ७५ नंतर आयुष्य लांबवणारे उपाय घेणार नाही. त्यावर रान उठलं. ६५ ही रेघ पुराव्याच्या दृष्टीने फार लवकरची आहे. निरोगी माणसाला त्या वयात पुढची वीस वर्षं सहज असू शकतात. पण आपल्या शेवटच्या तपासणीचं वय एखाद्या माणसाने डोकं शांत असताना आधीच ठरवावं, ही गोष्ट मोलाची आहे.

थांबण्याची किंमत डोळ्यांना दिसते, ही खरी अडचण. मे २०२५ मध्ये बायडन यांना प्रोस्टेटचा आक्रमक, हाडांपर्यंत पोचलेला कर्करोग असल्याचं जाहीर झालं. त्यांची पीएसए ही रक्ततपासणी २०१४ नंतर झालीच नव्हती, असं त्यांच्या प्रवक्त्याने सांगितलं. सत्तरीनंतर ती तपासणी नेमाने करू नये, हीच तिथल्या कृतिदलाची शिफारस. तरी देशभर एकच प्रश्न: थांबवली का? ज्याने तपासणी थांबवली आणि पुढे रोग निघाला, त्याची गोष्ट सगळ्यांना कळते. जी आजी तपासणीच्या तयारीत न्हाणीघरात पडली नाही, कारण तिने ती तपासणी केलीच नाही, तिची बातमी होत नाही. ती घरी नातवाला गोष्ट सांगत बसलेली असते. डॉक्टरांना आणि मुलांना “पुन्हा या” म्हणणं सोपं वाटतं ते यामुळे.

जॉन्स हॉपकिन्समधल्या नॅन्सी शूनबॉर्न यांनी २०१७ मध्ये बाल्टिमोर भागातल्या ४० वृद्धांना सविस्तर विचारलं: तपासणी थांबवा, असं डॉक्टरांनी कसं सांगितलेलं तुम्हाला चालेल? डॉक्टरांवर विश्वास असेल तर थांबायला बहुतेकांची हरकत नव्हती. प्रकृती आणि इतर आजार यांवरून निर्णय घेतलेला त्यांना पटत होता. पण “फायदा मिळेपर्यंत तुम्ही कदाचित जगणार नाही” हे वाक्य त्यांना बोचलं. “या तपासणीने तुमचं आयुष्य वाढणार नाही” हे चाललं. आशय एकच. पहिल्या वाक्यात माणसाचा शेवट सांगितला आहे, दुसऱ्यात तपासणीची मर्यादा. आपल्याकडच्या डॉक्टरांनीही हे दुसरं वाक्य जवळ बाळगावं, कारण आपल्याकडे हा संवाद बहुतेकदा रुग्णाशी होतच नाही. तो बाहेरच्या खोलीत मुलाशी आणि सुनेशी होतो, आणि “आईला सांगू नका” इथे संपतो. आईला बाकी सगळं समजत असतं.

अमेरिकेतल्या मराठी घरांना हा प्रश्न आत्ता भिडतो आहे. १९६५ च्या कायद्याने दारं उघडल्यानंतर गेलेले डॉक्टर आणि इंजिनिअर आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. त्यांच्यातल्या अनेकांच्या कोलोनोस्कोपी ठरल्या वेळी झाल्या. त्याच वयाचा पुण्या-सांगलीतला त्यांचा भाऊ मात्र एकदाही अशा तपासणीला गेलेला नसतो, आणि फोनवर दोघांनाही एकमेकांचं नवल वाटतं. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर असू शकतं. भारतात या कर्करोगाचं प्रमाण अमेरिकेपेक्षा बरंच कमी आहे, आणि सरकारी तपासणी मोहीम तोंडाच्या, स्तनांच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर भर देते. स्थलांतर केलेल्यांचा धोका मात्र हळूहळू नव्या देशाच्या पातळीकडे सरकतो. हवाईत गेलेल्या जपानी लोकांत ते स्पष्ट दिसलं होतं.

नळी नको पण काहीतरी करायचं, असं म्हणणाऱ्यांसाठी शौचातलं अदृश्य रक्त शोधणारी घरगुती तपासणी आहे. इंग्लंडमध्ये ७४ वर्षांपर्यंतच्या लोकांना दर दोन वर्षांनी तिचं किट टपालाने येतं. ७५ नंतर ते आपोआप येत नाही, पण फोन करून मागितलं तर मिळतं. ही व्यवस्था फार समंजस वाटते: कुणाला नाकारलेलं नाही, कुणाला ओढून आणलेलं नाही. फक्त किट मागवण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर ठरवून ठेवावं. रक्ताचा अंश सापडला तर कोलोनोस्कोपी करणार का? तिला नकारच द्यायचा असेल तर ते किट घरात फक्त काळजी आणेल.

हे सारं आहे ते काहीही त्रास नसलेल्या माणसाबद्दल. त्रास असेल तर वयाचा हिशेब बाजूला ठेवावा लागतो. रोनाल्ड रेगन यांच्या शौचात रक्ताचा अंश सापडला होता. जुलै १९८५ मध्ये कोलोनोस्कोपी झाली, मोठा पॉलिप दिसला, आणि दुसऱ्याच दिवशी शस्त्रक्रियेत सुमारे दोन फूट आतडं काढलं. त्यात कर्करोग निघाला. वय होतं ७४. त्यानंतर ते आणखी जवळजवळ १९ वर्षं जगले.

आपल्याकडे या बाबतीत उलटीच चूक होते. शौचातून रक्त गेलं की घरातच निदान होतं: मूळव्याध आहे. मग मलम, इसबगोल, तिखट बंद, आणि सहा महिने असेच जातात. मूळव्याध खरोखर असतेही, पण मूळव्याध असलेल्या माणसाला आत गाठ असू शकते. शौचाची सवय एकाएकी बदलणं, कारण नसताना वजन उतरणं, दम लागणं आणि हिमोग्लोबिन घसरणं, यांपैकी काहीही असेल तर आधी डॉक्टरांनी हातमोजा घालून बोटाने तपासावं. गुदाशयाच्या खालच्या भागातली गाठ तेवढ्यानेही हाताला लागते. आणि पुरुषाच्या किंवा पाळी थांबलेल्या स्त्रीच्या अंगातलं लोह कमी झालं असेल, तर नुसत्या लोहाच्या गोळ्या लिहून देऊन भागत नाही. रक्त कुठून जातं आहे ते शोधावं लागतं, माणूस ऐंशीचा असला तरी.